भावाच्या हाती दोर

पूर्वी वाराणसीत एक न्यायी राजा राज्य करीत असताना, त्याच्या राज्याच्या अगदी कडेला, जिथे राजाचे नाव फक्त कर मागायला येणाऱ्या माणसाच्या तोंडून ऐकू येई, अशा एका डोंगराखाली मध काढणाऱ्यांची वस्ती होती. त्या वस्तीत बोधिसत्त्वांनी जन्म घेतला. नाव ठेवले भद्रक. आपणही कथेपुरते त्याला भद्रकच म्हणू, कारण त्या जन्मी आपण कोण आहोत हे त्यालाही ठाऊक नव्हते.

भद्रकाला एक पाठचा भाऊ होता. आई टेंभुर्णीची फळे वेचायला रानात गेली असताना तिथेच तो जन्मला, म्हणून त्याचे नाव तिंदुक, म्हणजे टेंभुर्णीच. भद्रक त्याला तिंद्या म्हणे. ही कथा भद्रकाची खरी, पण तिची कळ सोसली ती तिंदुकाने. म्हणून आपण त्याच्याच बाजूने चालू.

त्या वस्तीत प्रत्येक घराचा एकेक कडा होता. कड्याच्या कपारीत आग्या मोहोळाची पोळी लोंबत. मध काढणारा कमरेला दोर बांधून वेलींच्या शिडीने खाली उतरे, आणि पोळ्यापाशी पोचला की शिडी सोडून दोरावर लोंबकळत राही. दोराचे दुसरे टोक वर अंजनाच्या झाडाच्या बुंध्याला वेढे देऊन एक माणूस धरून बसे. त्याला दोरकरी म्हणत. खाली उतरणाऱ्याचा जीव त्या दोरकऱ्याच्या मुठीत असे, अगदी शब्दशः.

लहान पोरे हा धंदा बसक्या खडकांवर शिकत. त्या खडकांवर कोणाची मालकी नव्हती, आणि मधही बोट चाटण्यापुरताच मिळे. तिथे भद्रक उतरायचा आणि तिंदुक दोर धरायचा. मग तिंदुक उतरायचा आणि भद्रक दोर धरायचा. तिंदुकाचे हात एवढेसे, पण दोर हातात आला की त्याला भावाचे सगळे कळे. दादा आता पाय खाजवतोय, दादाला आता हसू येतंय, दादा उगाच घाबरवायला हिसके देतोय, हे त्याला न बघता दोरातून समजे. घरी एका पानात जेवायचे, एका घोंगडीत झोपायचे, आणि आईचा मार चुकवायला एकमेकांच्या नावावर ढकलायचे. त्या दिवसांत तिंदुकाला कोणी विचारले असते, की तू कुठे संपतोस आणि दादा कुठे सुरू होतो, तर त्याला सांगता आले नसते.

मग बाप तापाने गेला. दुखवटा सरला, आणि वस्तीच्या नायकाने दोघा भावांना बोलावून बापाचा पिवळा कडा त्यांच्या हवाली केला. नायक म्हातारा होता. सगळी वस्ती त्याला आजा म्हणे.

"कडा दोघांचा," आजा म्हणाला. "मध दोघांनी निम्मा निम्मा घ्यायचा. आणि एक ध्यानात ठेवा. आजपासून तुम्ही एकमेकांचा दोर धरायचा नाही. वाटेकऱ्याच्या हाती दोर नाही, ही आपली रीत आहे."

रीत सर्वांना माहीत होती. भाऊ मेला तर त्याचा वाटा भावाला जातो, म्हणून भावाने दोर धरायचा नाही. कोण्या एका पिढीत म्हणे एका भावाने दोर सोडला होता. सोडला की सुटला, ते कोणी पाहिले नव्हते. पण एकाच्या हातून दोर गेला आणि मागच्या सगळ्यांचे हात बांधले गेले. तेव्हापासून दोर धरायचा तो मेहुण्याने, म्हणजे बायकोच्या भावाने. आपल्या बहिणीला विधवा करायला कोण तयार होईल? त्यामुळे त्या वस्तीत मुलगी पाहायला गेलेली माणसे आधी तिच्या भावाची मनगटे पाहत. मुलीचे नाक-डोळे मागाहून.

भद्रकाचे लग्न झाले. बायको उत्पला, शेजारच्या दरीतली, बोलायला फटकळ आणि कामाला वाघीण. तिच्यामागोमाग तिचा भाऊ मल्लक आला, आणि पिवळ्या कड्यावर दोर धरून बसला. मल्लक वाईट माणूस मुळीच नव्हता. जाडजूड मनगटांचा, हसरा, अखंड बडबड करणारा. तिंदुकाला तो आवडत नसे, आणि का आवडत नाही हे स्वतःशी कबूल करायलाही त्याला लाज वाटे.

तिंदुकाचे लग्न ठरले नव्हते. बायको नाही म्हणून मेहुणा नाही, मेहुणा नाही म्हणून दोरकरी नाही, आणि दोरकरी नाही म्हणून कड्यावरून उतरणे नाही. तो वर बसून पालापाचोळ्याच्या चुडी पेटवी, धूर सोडी, आलेली पोळी पिळी, मेण वितळवी. निम्मा मध त्याच्या दारात येई. त्यात भद्रकाने कधी थेंबाचे कमी केले नाही. उलट तिंदुकाच्याच मडक्यात जरा जास्त ओतला जाई.

पण मडके भरले तरी घर भरत नाही. भद्रकाची चूल वेगळी झाली होती. उत्पला कालवणाची वाटी पाठवी, तिंदुक रिकामी वाटी परत न पाठवता तीत चार टेंभुर्ण्या घालून पाठवी, आणि भावांचे बोलणे तेवढ्यावरच भागे. कड्यावर भेट होई तेव्हा "धूर वाढव", "टोपली घे", "वारा फिरला", एवढेच शब्द. भांडण म्हणावे तर झाले नव्हते. भांडण झाले असते तर निदान मिटवता तरी आले असते.

तिंदुक चुडी धरून बसे आणि मल्लकाच्या मुठीतल्या दोराकडे पाहत राही. दोर हले. आता दादा काय करतोय, ते त्याला दुरून कळत नसे. मल्लकाला विचारावे तर मल्लक म्हणे, "करतोय की काम! दुसरं काय करणार?" मल्लकाला दोरातून फक्त वजन कळत होते. तिंदुकाला आतून भडभडून येई, आणि मग तो विनाकारण धूर वाढवी, म्हणजे डोळ्यांतल्या पाण्याचे कारण कोणाला विचारावे लागू नये.

अशी वर्षे गेली. एका वसंतात पोळी कधी नव्हती एवढी भरली. नेमका उतरायच्या सकाळीच मल्लक मोहाच्या झाडावरून पडला आणि त्याचा हात मोडला. वस्तीची माणसे कड्यावर जमली होती, भद्रक कमरेला दोर बांधून तयार होता, आणि दोर धरायला कोणी नव्हते. दुसऱ्याचा मेहुणा आपला दोर धरीत नाही, तो आपल्या बहिणीच्या नवऱ्याला बांधलेला. मध असाच राहिला तर माश्या तो खाऊन उडून जाणार आणि वर्ष वाया जाणार.

तेव्हा तिंदुकाच्या तोंडून निघून गेले, "दादा, मी धरतो."

बोलताना त्याच्या मनात फक्त बसके खडक होते, दुसरे काही नव्हते. पण शब्द कड्यावर पडले आणि माणसांचे चेहरे बदलले. त्या वस्तीत वाटेकऱ्याने आपणहून भावाचा दोर मागणे म्हणजे भावाचा जीव मागणे. आजवर असे कोणी उघड बोलले नव्हते. एका म्हातारीने पदर तोंडाला लावला. उत्पला पुढे आली आणि नवऱ्याच्या कमरेची गाठ तिने स्वतःच्या हाताने सोडली.

तिंदुकाने भद्रकाकडे पाहिले. लोक काय म्हणतात याची त्याला पर्वा नव्हती, दादा काय म्हणतो ते त्याला हवे होते. भद्रक काहीच म्हणाला नाही. जमिनीवर पडलेल्या दोराकडे तो कितीतरी वेळ पाहत राहिला, आणि मग डोंगर उतरून घरी गेला.

त्या दिवशी वस्तीत चुलीचुलीला एकच विषय होता. लोक म्हणाले, पाण्यात काठी मारून पाणी तुटत नाही म्हणतात, पण कड्यापुढे भाऊ तुटतोच. कोणी म्हणाले, मुका होता तोवर बरा वाटला. तिंदुकाने हे ऐकले. एवढ्या लोकांना दिसते तर आपल्या मनात खरेच काही असेल काय, अशी क्षणभर त्याला आपल्याच हातांची शंका आली. त्याने हात उलटेपालटे करून पाहिले. मग त्याने कोयता, घोंगडी आणि पाण्याचा भोपळा एकत्र बांधायला घेतला.

दुपार कलताना भद्रक दारात आला. पुष्कळ दिवसांनी तो या दारात आला होता.

"कुठं निघालास, तिंद्या?"

"जिथं कोणाचा दोर धरावा लागत नाही, तिथं."

"उद्या जा. सकाळी मोहाखाली माणसं बोलावलीत मी. तेवढा येऊन जा."

"काय, न्यायनिवाडा करणार माझा?" तिंदुकाचा आवाज चिरकला. "तू तरी बोलायचं होतंस, दादा. एक शब्द. लोकांचं सोड रे."

"बोलून लोकांचं तोंड बंद झालं असतं," भद्रक म्हणाला. "दोर तुझ्या हातात आला नसता." आणि तो गेला. तिंदुकाला यातले काही उमगले नाही, पण तो थांबला. खरे सांगायचे तर, दादाने थांब म्हणावे म्हणूनच तो एवढा वेळ गाठोडे बांधीत होता.

सकाळी मोहाखाली वस्ती जमली. भद्रक हातात पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. तिंदुक आला तसे भद्रकाने त्याला समोर बोलावले, त्याचा उजवा हात पुढे धरायला लावला, आणि तळहातावर पाण्याची धार सोडली.

"आजा, माणसं साक्षीला आहेत," तो म्हणाला. "पिवळ्या कड्यातल्या माझ्या वाट्यावर मी पाणी सोडलं. आता सगळा कडा तिंदुकाचा."

आजा काठी टेकत पुढे आला. "का रे पोरा? रानात जाऊन तप करणार आहेस की काय?"

"नाही आजा. मध काढायला जाणार आहे." भद्रक शांतपणे म्हणाला, "आता मी मेलो तर तिंद्याला मिळण्यासारखं काही उरलं नाही. तो माझा वाटेकरी नाही. आता माझा दोर त्यानं धरायला रीतीची आडकाठी आहे का?"

आजाने रीत आठवली, मागून पुढून पुन्हा आठवली. "नाही," तो शेवटी म्हणाला. "आडकाठी नाही. पण असं आजवर कोणी केलं नाही."

"आजवर कोणाला भाऊ एवढा हवासा वाटला नसेल," मल्लक मागून म्हणाला. मोडका हात गळ्यात बांधून तोही आला होता. "बरं झालं. माझ्या मनगटांना सुट्टी."

लोक हसले. तिंदुक हसला नाही. त्याचा हात ओलाच होता. "मला कडा नको होता, दादा," तो रागाने म्हणाला. रागाच्या खाली रडे होते आणि ते सगळ्यांना ऐकू आले.

"तुला काय हवं होतं ते ठाऊक आहे मला," भद्रक म्हणाला. "कड्याशिवाय देता आलं असतं तर कधीच दिलं असतं."

मग सगळे कड्यावर गेले. उत्पलाही गेली. नवऱ्याने आदल्या दिवशीच तिला विचारले होते, आणि तिने सांगितले होते, की कडा गेला तरी चालेल, माणूस वर आला पाहिजे. तिंदुक बुंध्याला दोराचे वेढे देऊन बसला, तशी ती त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"भावजी, मी तुमच्या हातांकडं बघत उभी राहणार आहे. राग मानू नका."

"नाही वहिनी," तिंदुक म्हणाला. "बघा."

भद्रक कड्याआड दिसेनासा झाला. दोर सरकत गेला, मग शिडी सुटली आणि दोरावर पूर्ण भार आला. तिंदुकाने डोळे मिटले. किती वर्षे तो या भाराची वाट पाहत होता! पण भार ओळखीचा नव्हता. खाली एक जड, सावकाश, अंग राखून काम करणारा माणूस होता. तो हिसके देत नव्हता, हसत नव्हता. त्याचा एक खांदा बहुधा दुखत होता, कारण तो सारखा डाव्या बाजूला कलत होता. हे तिंदुकाला माहीतच नव्हते. दादाचा खांदा कधीपासून दुखतो? कोणाला विचारले असते, कोणी सांगितले असते? दोर धरून बसल्या बसल्या त्याला मधल्या सगळ्या वर्षांचे वाईट वाटले.

तेवढ्यात वारा फिरला. धूर भलतीकडे गेला आणि मोहोळ उठले.

आग्या मोहोळ उठले की शूर-भित्रा असा भेद राहत नाही, पळणारा आणि न पळू शकणारा एवढाच राहतो. माश्यांचा लोट कड्यावरून वर आला. माणसे वाट फुटेल तिकडे पळाली. मल्लक मोडका हात सांभाळत सगळ्यांच्या पुढे होता. तिंदुकाला माश्या कपाळावर, पापण्यांवर, मानेवर, ओठांवर चावल्या. मग त्या त्याच्या हातांवर बसल्या. तोंड झाकावे म्हणून शरीर हात मागत होते, आणि हात मोकळे नव्हते. कालपासून ज्या हातांची त्याला शंका येत होती, त्यांच्याकडे तो सुजत चाललेल्या डोळ्यांनी पाहत राहिला. मुठी उघडत नव्हत्या. उघडायच्या म्हटल्या असत्या तरी त्या क्षणी त्या उघडल्या नसत्या.

मग कोणीतरी त्याच्यावर घोंगडी टाकली आणि आत शिरून त्याच्या पाठीला पाठ लावून बसले. उत्पला पळाली नव्हती. तिला हात बघायचे होते, आणि तिने ते बघितले होते.

"भावजी," ती घोंगडीच्या अंधारात म्हणाली. तिला हुंदका आवरत नव्हता. "धरा हं. धरून ठेवा."

खाली भद्रक कपारीत अंग चोरून, धुपणारी चूड छातीशी धरून, न हलता लोंबकळत राहिला. वर हाक मारून माश्यांना अधिक चिडवू नये हे त्याला माहीत होते. दोर क्षणभरही ढिला पडला नाही, एवढे त्याला कळत होते, आणि त्याला तेवढे पुरे होते. पुष्कळ वेळाने माश्या निवल्या. त्याने शिडी पकडली, आणि तिंदुक हाताला येईल तसतसा दोर आवळून घेत राहिला.

भाऊ वर आला तेव्हा तिंदुकाला तो दिसला नाही. डोळे पार मिटले होते आणि तोंडाचा भोपळा झाला होता. भद्रकाने त्याची बोटे एकेक करून दोरावरून सोडवली, आणि नखाने त्याच्या चेहऱ्यावरचे काटे काढीत बसला.

"दादा, खांदा दुखतो तुझा?" तिंदुकाने सुजल्या ओठांनी विचारले.

भद्रकाचे हात थांबले. "तुला कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

तेव्हा मात्र भद्रक रडला. बोधिसत्त्व झाला म्हणून काय झाले, त्या जन्मी तो कोणाचा तरी दादा होता.

सूज उतरल्यावर तिंदुक वाटा परत करायला गेला. भद्रक म्हणाला, "परत केलास की मी पुन्हा वाटेकरी झालो. मग दोर सोडावा लागेल." तिंदुक विचारात पडला. असे ठेवले तर दादा आपल्याच घरच्या कड्यावर मजूर झाला. शिवाय आपण मेलो तर कडा दादाला जाणार, म्हणजे दादा आपला दोर कधीच धरू शकणार नाही. त्याने पुष्कळ डोके खाजवले. मग एक दिवस तो मोहाखाली गेला आणि सगळ्यांच्या देखत त्याने अख्ख्या कड्यावर पाणी सोडून तो वस्तीचा केला. ज्या घरात दोरकरी नाही, ज्या बाईचा नवरा नाही, त्यांना पिवळ्या कड्याचा मध मिळू लागला. भावांना सगळ्यांसारखा हिस्सा मिळे, जास्त नाही. आता दोघांकडे एकमेकांपासून मिळवण्यासारखे काही राहिले नाही, आणि दोघे पुन्हा आळीपाळीने उतरू लागले.

तरी लहानपण काही परत आले नाही. ते कोणाचेच येत नाही. ज्या मुलाची तिंदुकाला एवढी ओढ होती, तो मुलगा आता जगात कुठेच नव्हता. हे त्याला हळूहळू समजले, आणि समजल्यावरही कधीकधी दोर धरून बसल्यावर तो खालून येणाऱ्या हिसक्याची वाट पाही. पण खाली जो दुखऱ्या खांद्याचा, कमी बोलणारा माणूस होता, त्याची नव्याने ओळख होत होती, आणि ती ओळख त्याने आयुष्यभर करून घेतली.

जेतवन विहारात एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. ज्याच्यासाठी ही कथा सांगितली तो तगर नावाचा तरुण भिक्षू मागच्या ओळीत मान घालून बसला होता. त्या सकाळी त्याचा थोरला भाऊ दूरच्या गावाहून, कित्येक वर्षांनी विहारात आला होता. तगर दारापर्यंत जवळजवळ धावत गेला होता. भावाने वाकून वंदन केले, "भंते, सर्व कुशल ना?" असे विचारले, दानाचे तांदूळ उतरवले, पुन्हा वंदन केले आणि तो गेला. त्याचे काहीच चुकले नव्हते. भिक्षूच्या चीवरापुढे गृहस्थाने जसे वागावे तसाच तो वागला. पण तगरने न जेवता भिक्षापात्र तसेच झाकून ठेवले होते, आणि मध्यान्हानंतर भिक्षूला जेवता येत नाही.

शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा नायक म्हणजे आज या विहाराचा म्हातारा द्वारपाल. उत्पला म्हणजे रोज दही आणून देणारी उपासिका, आणि तिचा भाऊ मल्लक म्हणजे आज सकाळी तांदूळ घेऊन आलेला गृहस्थ. तो तेव्हाही भला होता आणि आताही भला आहे, त्याच्यावर रुसू नये. तिंदुक म्हणजे हा तगर."

तगरने मान वर केली.

"आणि भद्रक मीच होतो," शास्ते म्हणाले. "तगर, मध्यान्ह व्हायला अजून वेळ आहे. जा, जेवून घे."

तगर उठला, आणि भरल्या डोळ्यांनी जेवायला गेला. या जातकात बोधिसत्त्वांची मैत्री-पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, सांगितली आहे. जी वाटा हातचा जाऊ देते आणि माणूस जाऊ देत नाही, तिला मैत्री म्हणावे.